चमच्यावरची शीग

डिसेंबर लागला की जे. पी. नगरच्या आमच्या बाजारात आधी वास येतो, मग शेंगा दिसतात. पावट्याच्या शेंगा. इथे कन्नडमध्ये त्यांना अवरेकाई म्हणतात, आणि आमच्या घराण्याला या गावात इतक्या पिढ्या झाल्या आहेत की पावटा हा शब्द आम्ही पुण्याकडचे पाहुणे आले तरच वापरतो. चांगल्या शेंगेच्या सालीवर एक तेलकट चीक असतो. सोलताना तो बोटांना लागतो आणि साबणानं जात नाही. सकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या माणसाच्या हाताला तो वास आला की समजावं, काल यांच्या घरी सगळे मिळून शेंगा सोलत बसले होते.

मला मात्र गेली काही वर्षं या वासात दुसराही एक वास मिसळलेला येतो. बाळाच्या दुधाच्या पावडरीचा. नवा डबा उघडून आतला पातळ पडदा कापला की येतो तसा, गोडसर, कोरडा, थोडा बिस्किटासारखा. पावट्याचा आणि त्या पावडरीचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण एका वर्षी ही दोन्ही आमच्या स्वयंपाकघरात एकाच ओट्यावर शेजारी शेजारी होती, आणि तेव्हापासून माझ्या नाकाला ती वेगळी करता येत नाहीत.

मिनू आम्हाला उशिरा झाली. मी चाळिशी ओलांडली होती आणि माझी बायको वसुधा चाळिशीच्या उंबऱ्यावर होती. लोकांनी विचारणं सोडून दिलं होतं. त्यामुळे मुलगी हातात आली तेव्हा आनंदाइतकीच धास्ती होती. वसुधा तिला अंगावर पाजत असे तेव्हा मी वर्तमानपत्र घेऊन समोर बसत असे आणि एक ओळही वाचत नसे. ते बाळ घुटके घ्यायचं, त्याचा बारीक आवाज यायचा, कानाची पाळी प्रत्येक घोटाबरोबर हलायची. ती पाळी हलते आहे तोवर सगळं ठीक आहे, असा मी माझ्यापुरता नियम करून टाकला होता.

मी बोम्मसंद्रातल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. यंत्राचा भाग ठरलेल्या मापात बसतो की नाही, एवढंच आम्ही पाहतो. तो दिसायला कसा आहे हे आम्हाला कुणी विचारत नाही. आईच्या दुधाला मात्र माप नव्हतं. किती आलं, किती गेलं, काही कळायला मार्ग नाही, आणि तरी मूल बाळसं धरत होतं. माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट जवळजवळ अपमानास्पद वाटायची, आणि तिच्याइतकी सुंदर गोष्टही मी दुसरी पाहिलेली नाही.

वसुधाची रजा संपत आली तेव्हा दिवसाच्या दुधाचा प्रश्न आला. ती विम्याच्या कचेरीत होती. सकाळ-संध्याकाळ आणि रात्री ती पाजणार होती, पण मधल्या वेळी काय? सल्ले मागावे लागले नाहीत. शेजारच्या सरोजम्मा गाईच्या दुधात पाणी घालायला सांगून गेल्या, वसुधाच्या पुण्याच्या मावशीनं पत्रातून म्हशीच्या दुधावरची साय काढायला सांगितली, आणि ऑफिसातल्या एकीनं आपल्या मुलाला कोणता डबा मानवला ते सांगितलं. मी औषधाच्या दुकानात जाऊन फळीवरचे सगळे डबे उतरवून घेतले आणि त्यांच्यावरचे बारीक अक्षरातले तक्ते ताडून पाहू लागलो. प्रथिनं, स्निग्धांश, लोह. दुकानदार म्हणाला, "सार, घेणार आहात की परीक्षेला बसणार आहात?"

निवड शेवटी डॉक्टरीणबाईंनी केली. त्या आमच्याशी कन्नडमध्ये बोलत, इथे मराठीत लिहितो. "आईचं दूध जमेल तेवढं चालू ठेवा, त्याची बरोबरी कुठलाही डबा करत नाही, आणि हे डब्यावरही छापलेलं आहे. वर्षाच्या आत वरचं गाईचं दूध नको. राहिले हे डबे. बाळ निरोगी आहे, तेव्हा त्याच्या वयाचा घ्या, मुदत बघा, तुमच्या दुकानात नेहमी मिळेल असा घ्या. आणि दर आठवड्याला बदलू नका. डबा कोणता यापेक्षा तो कालवता कसा, याला महत्त्व आहे. पाणी उकळलेलं, माप नेमकं." मी उतरवून आणलेले तक्ते खिशात घातले. इतक्या थोड्या शब्दांत इतकं मोठं कोडं सुटलेलं मी आमच्या कारखान्यात कधी पाहिलं नव्हतं.

कालवणार कोण, हे ठरलेलंच होतं. अक्का. अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला अक्कानंच वाढवलं. यजमान गेल्यापासून ती के. आर. पुरमला एकटीच राहत होती. निरोप गेला आणि ती दोन बस बदलून गाठोडं घेऊन हजर झाली. गाठोड्यातून तिनं तीन वस्तू काढून ओट्यावर ठेवल्या. एक पितळी चिपटं, तांदूळ मोजायचं. एक चांदीचं बोंडलं, चोचीसारखी नळी असलेलं, ज्यानं मी दूध प्यायलो होतो. आणि बाळगुटीचा डबा, सहाणेसकट.

गुटी नको, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याचं वसुधानं चाचरत सांगितलं. अक्का म्हणाली, "सरी," आणि डबा गाठोड्यात परत गेला. आमच्याकडे बरं, ठीक, चालेल, या सगळ्यांना सरी हा एकच शब्द आहे. वसुधा मनात चार दिवस भांडणाची तयारी करत होती. तिला ते भांडण मिळालंच नाही.

कामावर जायच्या पहिल्या सकाळी वसुधानं साडी नेसता नेसता अक्काला सगळं समजावलं. बाटलीवरच्या रेघांनी पाणी आधी मोजायचं, मग पावडर. "दर तीस मिलीला डब्यातला एक चमचा, भरून," ती म्हणाली. अक्का म्हणाली, "भरून. कळलं. तू जा बाई, बस चुकेल."

तो महिना मला आठवतो तो उकळत्या पाण्याच्या आवाजानं. अक्का बाटली उकळायची, बोंडलं उकळायची, झाकणं उकळायची. दूध बाटलीत मापून कालवायची आणि बोंडल्यानं पाजायची, कारण रबराच्या बोंडीवर तिचा विश्वास नव्हता. पाजताना ती मिनूशी सतत बोलायची. "घे गं माझे राणी. स्वल्प अजून. हं, आता कोण शहाणी?" स्वल्प म्हणजे थोडंसं, पण अक्काच्या तोंडी त्याचा अर्थ उरलेलं सगळं असा असायचा. मीही त्याच स्वल्पांवर वाढलो आहे.

तिकडे वसुधा दुपारी कचेरीत पदर घट्ट लपेटून बसायची. मिनूच्या पिण्याची वेळ झाली की शरीराला आपोआप कळायचं. ती न्हाणीघरात जाऊन दूध पिळून टाकायची, तोंड धुवायची आणि पुन्हा फायलींना लागायची. पिळत राहिलं तरच ते टिकेल, असं तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. यातलं एक अक्षरही ती घरी बोलली नाही. पुष्कळ दिवसांनी सहज बोलण्यात आलं, तेव्हा मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगून तुम्ही काय केलं असतं? तक्ता?"

आणि याच दिवसांत मिनूचं काहीतरी बिनसलं. आधी शी घट्ट झाली, मग खडे होऊ लागले. ती कुंथताना लालबुंद व्हायची आणि तिच्याबरोबर आम्ही तिघंही. ओठ कोरडे दिसू लागले. ती रडायची, बोंडलं तोंडाशी आणलं की अधाशासारखं दोन घोट घ्यायची आणि मान फिरवायची. "भूक लागलीय लेकराला," अक्का म्हणायची, आणि पुढचं दूध आणखी मनापासून करायची. वजनाचा काटा जागचा हलेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं कालवता?" वसुधानं बरोबर सांगितलं. तीस मिलीला एक. त्यांनी मान डोलावली, लघवीची तपासणी लिहून दिली आणि फरक पडला नाही तर लगेच यायला सांगितलं. येताना रिक्षात वसुधा म्हणाली, "मी नोकरी सोडते. माझं दूध तिला मानवतं, हे मानवत नाही." मुलगी हातातून निसटते आहे असं वाटत असताना पगाराची बाजू मांडायला जीभ उचलत नव्हती.

मी मला येतं ते केलं. कारखान्यातून मापाचं काचेचं नळकांडं आणलं आणि बाटलीवरच्या रेघा तपासल्या. रेघा बरोबर होत्या. पाणी तपासलं. डब्याची मुदत पुन्हा पाहिली. सगळं मापात होतं. फक्त मूल मापात नव्हतं.

मग तो शनिवार आला. सरोजम्मांच्या गावाकडून पोतंभर अवरेकाई आली होती आणि संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरून सगळे सोलायला बसले होते. भिजवलेल्या दाण्याला चिमटीत धरून दाबलं की साल हातात राहते आणि आतली हिरवी डाळ टुणकन उडते. सरोजम्मांची डाळ नेमकी माझ्या चष्म्यावर येत होती. "सार आज सुट्टीवर आहेत, तरी तपासणी चालू आहे," त्या म्हणाल्या. वसुधा मिनूला मांडीवर घेऊन बसली होती. अक्का सोललेले दाणे सरोजम्मांना द्यायला चिपट्यानं मोजत होती. तिनं चिपटं भरलं, काठोकाठ आलं, आणि मग ओंजळीनं वर आणखी रचलं. छान निमुळता डोंगर झाला. दाणे चहूकडे घरंगळले. सरोजम्मा म्हणाल्या, "साकु, अक्का, साकु! पुरे!" अक्का म्हणाली, "अहो, शीग नको का? शिगेशिवाय माप भरतं होय?"

मी हसलो. वसुधा हसली नाही. तिची नजर चिपट्यावर खिळली होती. मग ती हळूच स्वयंपाकघराकडे पाहू लागली, जिथे ओट्यावर डबा होता.

थोड्या वेळानं मिनू रडायला लागली. एरवी संध्याकाळी वसुधाच पाजायची, आज तिनं मिनूला अक्काच्या हाती दिलं आणि अक्का दूध कालवायला उठली. वसुधा तिच्या मागून पाण्याचा तांब्या घेऊन गेली. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याजवळ वाकून ती म्हणाली, "शीग. चमच्यावर शीग लावतात त्या. मी भरून म्हणाले होते ना." आणि एवढंच बोलून ती आत गेली आणि अक्काला म्हणाली, "आणा, मी पाजते तिला अंगावर. तुम्ही बसा, सरोजम्मा थांबल्यात." कालवलेलं दूध तिनं मोरीत ओतलं. अक्काला वाटलं, आईला पान्हा फुटला.

कारखान्यात चूक सापडली की आम्ही ती लाल खडूनं खूण करून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवतो. माझी जीभ तशीच निघाली होती. वसुधानं नजरेनं मला गप्प केलं. आज विचार केला की वाटतं, ती नजर नसती तर अक्का रविवारच्या पहिल्या बसनं के. आर. पुरमला गेली असती आणि पुन्हा कुठल्याही लेकराच्या तोंडाला तिनं हात लावला नसता. भरून या शब्दाचा अर्थ दोघींच्या लेखी बरोबर होता. पुण्यात वाढलेल्या वसुधाच्या लेखी काठापर्यंत. अक्काच्या लेखी, जिनं रेशनच्या दुकानात मापावरून फिरून शीग पुसून काढणारा हात आयुष्यभर पाहिला होता, काठापर्यंत म्हणजे कमीच. लेकराला ती कमी कसं देईल?

सकाळी मी ओट्याशी कॉफीची वाट पाहत उभा होतो. वसुधा भाजी चिरता चिरता सहज विचारल्यासारखी म्हणाली, "अक्का, गुटीत जायफळाचे वेढे किती हो?"

वेढा म्हणजे सहाणेवर उगाळताना दिलेला एक फेरा. अक्का खुलली. "जायफळाचा अर्धा वेढा. तान्ह्याला तेवढाच. हळकुंडाचा एक. वेखंडाचा नुसता स्पर्श."

"आणि जायफळ थोडं जास्त घातलं तर? प्रेमानं?"

"वेडी की काय! लेकरू गुंगून निपचित पडेल. जायफळाला प्रेम चालत नाही, वसू. ती मात्रा आहे."

वसुधानं सुरी खाली ठेवली. डबा पुढे ओढला, आणि अगदी हळू म्हणाली, "अक्का, हेही जायफळच आहे."

अक्कानं डब्याकडे पाहिलं. मग चमच्याकडे. मला वाटतं तिला सगळं त्याच क्षणी कळलं, खडे, कोरडे ओठ, दोन घोटांनंतर फिरवलेली मान. मग तिनं विचारलं, "ती रडायची ते भुकेनं नव्हे?"

"तहानेनं," वसुधा म्हणाली. "मी भरून म्हणाले. सपाट म्हणायला हवं होतं."

"तू भरून म्हणालीस, मी भरून घातलं," अक्का म्हणाली. "शब्दात कुणाचं काय चुकलं?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. तिनं डबा उघडला, चमचा भरला, डाव्या हातानं वसुधाची सुरी उचलली, आणि पात्याच्या पाठीनं चमच्यावरून एक रेघ ओढली. जास्तीची पावडर डब्यात पडली. चमच्यावरचा पृष्ठभाग असा झाला की आमच्या खात्यातला सगळ्यात खडूस माणूसही त्यावर सही करून मोकळा झाला असता. तो चमचा तिनं वसुधापुढे धरला. "अस्सं?"

"अस्सं."

"मग अक्काला आधी का नाही सांगितलंत की ही मात्रा आहे? मी आपली जेवण समजत होते."

त्याच सकाळी आम्ही मिनूला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. अक्काही आली, आणि वसुधानं तोंड उघडायच्या आत सगळं तिनंच सांगितलं, शिगेसकट. दाट दुधानं शरीरातलं पाणी ओढलं जातं, मूत्रपिंडांवर ताण येतो, तहान लागते, मूल रडतं, आणि आपण त्याला भूक समजून तेच पुन्हा देतो. डॉक्टरीणबाईंनी हे समजावलं, मिनूला नीट तपासलं, आणि म्हणाल्या, "वेळेत आलात. आता मापात द्या, बरी होईल." मग अक्काकडे पाहून हसल्या. "आजी, मला रोज पातळ करून पाजणारे भेटतात. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून. शीग लावणाऱ्या तुम्ही पहिल्या." अक्काला यात कौतुक आहे की टोमणा, हे अजून ठरवता आलेलं नाही. ती अधूनमधून मला विचारते.

मिनू सुधारली. आधी ओठ ओले झाले, मग शी मऊ झाली, आणि घरात त्या शीचं असं स्वागत झालं की सरोजम्मा धावत आल्या. मग एक दिवस अक्काच्या मांडीवर तिनं बोंडलं शेवटपर्यंत रिकामं केलं. मी समोर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. कानाची पाळी हलत होती.

वसुधानं नोकरी सोडली नाही. शिवरात्रीच्या सुमारास मिनूला वरचं अन्न सुरू करायचं ठरलं. वसुधानं विचारलं, "अक्का, पहिलं काय द्यायचं?" अक्का म्हणाली, "सरी." वसुधा वाट पाहत राहिली. "अहो, सरी काय? काय द्यायचं ते सांगा." "सरी गं, सरी!" "हो, सरी, पण काय?" मी मध्ये पडलो नसतो तर हे दुपारपर्यंत चाललं असतं. नाचणीला मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून वाळवलेल्या सत्वाची पेज करतात, तिला इथे सरी म्हणतात. अक्कानं ती डॉक्टरीणबाईंना विचारून केली. पहिल्या दिवशी दोन बोटं चाटवली. शीग नाही, स्वल्पही नाही.

वर्ष सरलं तसे डबे बंद झाले. त्यांतला एक चमचा राहिला, तो कॉफी पावडरीच्या डब्यात गेला. अक्का आता आमच्याकडेच असते. कॉफीसाठी तो चमचा भरला की तिचा डावा हात आपोआप सुरी शोधतो आणि पाठीनं रेघ ओढतो. त्यामुळे आमच्याकडची कॉफी गल्लीत सगळ्यात पातळ आहे. सरोजम्मा कधीकधी बोलून दाखवतात. मी ती गेली पाच वर्षं बिनतक्रार पितो आहे.

परवा पुन्हा अवरेकाई आली. वर्तमानपत्रं अंथरली गेली. मिनू आता सोलायला बसते, तिच्या डाळी छतापर्यंत उडतात. सरोजम्मांचा वाटा द्यायचा होता. अक्कानं चिपटं भरून वर शीग रचली. मिनू रोज सकाळी ओट्याशी उभी राहून अक्काची कॉफी पाहते, त्यामुळे तिला मोजायची पद्धत ठाऊक आहे असं तिला वाटतं. ती उठली, आतून सुरी आणली, आणि पात्याची पाठ फिरवून सगळी शीग सपाट करून टाकली. रेघ अगदी बरोबर आली. मी नकळत मान डोलावली.

अक्कानं तिचा हात धरला. सुरी काढून वसुधाकडे दिली.

"हे जायफळ नव्हे, राणी," ती म्हणाली, आणि मिनूच्या ओंजळीत दाणे भरून ती ओंजळ चिपट्यावर रिती करवली. दाणे काठावरून घरंगळत, वर्तमानपत्रावर टपटपत, सरोजम्मांच्या पदरापर्यंत गेले.